दारूखान्यातून उलट्या पावली

बंद पडलेल्या इंजिनाला उठून पहिली चावी मारणारा माणूस आणि चक्कर येऊन पडलेल्याच्या नाकाशी चप्पल धरणारा माणूस, दोघं एकाच वंशातले. हेतू चांगला, हात शिवशिवणारे आणि पुढचं निस्तरायला दुसरा. माझा संसार या पहिल्या जातीच्या लोकांवर चालला. त्यांनी चावी मारली नसती तर लालबागच्या आमच्या खोलीत चूल पेटली नसती, त्यामुळे मी त्यांना नावं ठेवणं म्हणजे खाल्ल्या मिठाला न जागणं आहे. तरी ठेवतोच.

मी पेडणेकर. बोटींच्या इंजिनांचा फिटर. माझगावच्या एका वर्कशॉपमध्ये लागलो तेव्हा मिसरूड फुटत होतं, बाहेर पडलो तेव्हा होते तेवढे केस पांढरे झाले होते. मधल्या काळात नमुने पाहिले ते असे. माहीमचा एक तांडेल, म्हणजे मच्छीमार बोटीचा कप्तान, दर नारळी पौर्णिमेला इंजिनासमोर नारळ फोडायचा, हार घालायचा, पेढा ठेवायचा. ऑइल मात्र बदलायचा नाही. "देवाचं ऑइल कोण बदलतो?" असं वर मलाच विचारायचा. एका बिल्डरने इंजिनाच्या खोलीत मोगऱ्याचा सुगंध फवारणारी मशीन बसवून घेतली होती. डिझेल आणि मोगरा यांचा एकत्र वास ज्याने घेतलाय त्याला नरकाची भीती उरत नाही. आणि एकाने तर भर समुद्रातून फोन केला, "पेडणेकर, बोटीत थोडं पाणी येतंय, ते नॉर्मल असतं ना?" मी विचारलं, "थोडं म्हणजे किती?" तर म्हणाला, "मी आता सोफ्यावर उभा आहे."

पण सांगायचंय ते डॉक्टर कुमुद विजयकरांच्या बोटीबद्दल. ते काम मी रिटायर झाल्यानंतर आलं आणि मी ते घ्यायचं नाही असं ठरवून बसलो होतो.

एका रविवारी सकाळी आमच्या दाराची बेल वाजली. दारात सत्तरी ओलांडलेल्या एक बाई. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला कापडी पिशवी.

"पेडणेकर तुम्हीच? मी बोट घेतलीय."

"अरेरे," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. आत येऊन बसल्या. फणसवाडीत जन्म, तिथेच लग्न, तिथेच संसार. जन्मभर भूल देण्याचं काम केलं, म्हणजे ऑपरेशनच्या टेबलावर माणसाला झोपवायचं आणि काम झालं की न चुकता उठवायचं. यजमान जाऊन काही वर्षं झालेली. फणसवाडीतली बिल्डिंग नव्याने बांधायला म्हणून पाडली आणि बाई माटुंग्याला भाड्याच्या जागेत आल्या. तिथे रिकाम्या बसवेना म्हणून ओळखीच्या एका कुटुंबाची पडून राहिलेली मोटरबोट त्यांनी घेतली. लाकडी, जुनी, आत चार सिलिंडरचं विलायती डिझेल इंजिन. दहाएक वर्षं कोणी हात लावलेला नाही.

"बोट कधी चालवलीय?"

"नाही."

"पोहता येतं?"

"महात्मा गांधी जन्मले त्या देशात पोहायचा टँक शोधत मी आयुष्य काढलं नाही," त्या म्हणाल्या. या वाक्याचा अर्थ मला आजही लागलेला नाही, पण उत्तर 'नाही' होतं एवढं कळलं.

मी नेहमीचा प्रश्न विचारला. "चावी किती वेळा मारलीत?"

"एकदाही नाही."

मी पुन्हा विचारलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "हात गेला होता. पण पेशंटची हिस्ट्री माहीत नसताना इंजेक्शन मारायचं नसतं, ही सवय आहे. म्हणून आधी तुम्हाला शोधलं."

उभ्या आयुष्यात मला भेटलेला हा पहिला बोटमालक, ज्याने चावी मारली नव्हती. मी आतून माझी पिशवी आणायला उठलो तेव्हा माझी बायको शुभांगी स्वयंपाकघरातून म्हणाली, "रिटायर झालात मां?" मी म्हटलं, "फक्त बघून येतो." ती जे हसली ते मी इथे लिहू शकत नाही.

बोट दारूखान्यात होती. दारूखाना म्हटलं की बाहेरचे लोक डोळा मारतात. तिथली दारू म्हणजे तोफेची, आणि तीही कधीच संपली. आता तिथे जुनी जहाजं तोडतात आणि चिखलाच्या काठाला होड्या-बोटींची दुरुस्ती चालते. यार्ड होतं इस्माईलभाईंचं. हा माणूस रत्नागिरीकडचा, जन्मभर खुर्चीत बसून हुकूम देणारा, आणि त्याच्या खुर्चीचे पाय सदैव चिखलात रुतलेले. लाकडाच्या ओंडक्यांवर बोट बसवलेली. पाठीवर रंगाने नाव लिहिलेलं, 'वायुवेग'. दहा वर्षं जागची हलली नव्हती.

इस्माईलभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, "पेडणेकर, पुढच्या पौर्णिमेच्या भरतीला मी यार्ड खाली करतोय. जागेचा करार संपला. जी बोट स्वतः निघेल ती निघेल, उरेल ती तोडणारे घेऊन जातील. बाईंना सांगितलंय. त्या ऐकत नाहीत."

बाईंनी ते ऐकलं होतं. एवढंच नाही, त्या भरतीवर त्यांनी स्वतःचं आणखी एक लचांड टांगून ठेवलं होतं. त्यांचा मुलगा निखिल बंगळूरला असतो. आईने एकटं राहू नये, सामान उचलून आपल्याकडे यावं म्हणून तो मागे लागला होता. रोज फोन, रोज तेच. शेवटी बाई त्याला म्हणाल्या, "बोट तिच्या स्वतःच्या इंजिनावर यार्डातून बाहेर पडली तर मी मुंबईत राहणार आणि तू पुन्हा विषय काढायचा नाहीस. नाही पडली, तर मी येते." मुलगा लगेच कबूल झाला. त्याने बोटीचा फोटो पाहिला होता.

"हे तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं," मी म्हणालो.

"सांगितलं असतं तर आला असता?"

"नसतो आलो."

"मग?"

आता थोडं इंजिनाबद्दल. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते, डिझेलला लागत नाही. सिलिंडरमध्ये हवा अशी दाबायची की ती भयंकर तापते, मग त्यात डिझेलचा बारीक फवारा सोडायचा. तो पेटतो, दट्ट्या खाली ढकलला जातो, इंजिन फिरतं. बाकी सगळ्या नळ्या, नट आणि शिव्या. इंजिन वर्षानुवर्षं पडून राहिलं की दट्ट्यावरच्या कड्या गंजून भिंतीला चिकटतात. अशा वेळी चावी मारली तर स्टार्टर आंधळा जोर लावतो आणि कडी तरी तुटते, नाहीतर भिंत तरी खरवडली जाते. म्हणून आधी त्याला फिरवायचं नाही, भिजवायचं. वरच्या फवारा सोडणाऱ्या तोट्या काढायच्या, भोकांतून पातळ तेल ओतायचं आणि घरी जायचं. ही घरी जायची पायरी मालकांना जमत नाही.

बाईंना जमली. तेल ओतून आम्ही उठलो की त्या पिशवीतून डबा काढायच्या. बाई पाठारे प्रभू, आणि त्यांच्यातलं कोलंबीचं खरपूस भाजलेलं भानोलं मी ऐकून होतो, खाल्लं तिथे पहिल्यांदा. आम्ही मालवणी माणसं दुसऱ्याच्या मासळीला सहजासहजी चांगलं म्हणत नाही, त्यामुळे मी फक्त परत मागितलं. घरी जाऊन हे शुभांगीला सांगण्याचा मूर्खपणा केला. ती म्हणाली, "त्या बोटीत इंजिन आसा काय खानावळ?"

काही दिवसांनी पुढच्या पुलीच्या नटाला लांब पाना लावून मी जोर दिला. इंजिन हललं नाही. पुन्हा तेल, पुन्हा घरी. त्यानंतरच्या खेपेला मी जोर देतोय तर बाई म्हणाल्या, "थांबा. उलट्या बाजूला जरा द्या, मग सुलट. आखडलेला सांधा असाच सोडवतात." मी तेच करणार होतो. खरंच करणार होतो. पण त्या आधी बोलल्या. किंचित मागे, किंचित पुढे, असं करता करता आतून कर्र आवाज आला आणि पाना बोटभर सरकला. बाईंनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी इंजिनावर आपटलो.

मग टाकीतलं डिझेल काढलं. ते डिझेल नव्हतं, गुळाची काकवी होती. जुनं ऑइल काढलं. समुद्राचं पाणी खेचून इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपात रबराची छोटी फिरकी असते, ती बिस्किटासारखी मोडून हातात आली. नवी मिळवायला नागदेवीच्या गल्ल्यांतून बाई स्वतः हिंडल्या. दुकानदारांना म्हणे त्या जुन्या फिरकीचे तुकडे रुमालात गुंडाळून दाखवायच्या आणि म्हणायच्या, "याचा भाऊ हवाय."

पहिल्यांदा इंजिन चालवलं ते बोट ओंडक्यांवर असतानाच. थंड करायला पाण्याचं पिंप बाजूला ठेवलं. इथे धंद्यातला एक नियम सांगतो. जुनं डिझेल इंजिन पहिल्यांदा चालू करताना हवा आत जाते त्या तोंडावर बसेल अशी एक फळी हाताशी ठेवायची. कारण कधी कधी इंजिन चालू होतं आणि थांबतच नाही. आतला पंप पूर्ण डिझेलवर अडकला तर ते वेड लागल्यासारखं पळत सुटतं. चावी काढा, हात जोडा, काही उपयोग नाही. हवा तोडली तरच थांबतं, नाहीतर फुटतं. मी फळी ठेवली होती. बाईंना समजावूनही सांगितलं होतं.

चावी मारली. पहिल्यांदा खोकलं. दुसऱ्यांदा काळा धूर सोडला. तिसऱ्यांदा लागलं, आणि काय सांगू, तो आवाज ऐकून माझे डोळे भरायला आले. भरायला फुरसत मिळाली नाही. आवाज वाढायला लागला. मी बंद करायचा खटका ओढला. आवाज वाढतच गेला. बोट ओंडक्यांवर थरथरायला लागली, वरून गंजाचे पापुद्रे पडायला लागले. मी ओरडलो, "फळी!"

फळी नव्हती. माझी पाठ वळलेली असताना इस्माईलभाईंनी ती उचलून खुर्चीच्या पायाखाली घातली होती आणि वर स्वतः बसले होते.

मी खटका ओढत होतो, इस्माईलभाई बसल्या जागेवरून अल्लाचं नाव घेत होते, आणि बाई खाली वाकल्या. त्यांनी डब्याचं स्टीलचं झाकण उचललं, दोन्ही हातांनी कडा धरून हवेच्या तोंडावर नेलं, आणि इंजिनाने ते असं खेचून घेतलं की ठप्प आवाज झाला. झाकण मधोमध आत गेलं. इंजिनाने दोन आचके दिले आणि गप्प झालं.

यार्डात इतकी शांतता पसरली की चिखलातले खेकडे ऐकू यावेत.

"गेलं?" बाईंनी विचारलं. त्यांचे हात अजून झाकणावर होते.

"नाही. वाचलं."

"माझा पेशंट टेबलावर असा उठला असता ना," त्या हळूहळू खाली बसत म्हणाल्या, "तर सर्जनने मला खिडकीतून खाली फेकलं असतं."

मी इस्माईलभाईंकडे वळलो आणि त्यांना जे बोललो ते दिवाळी अंकात छापण्याजोगं नाही. त्यांनी ते मान खाली घालून ऐकलं. मग फळी काढून आणून दिली आणि खुर्चीसकट कलंडले.

डिझेलचा पंप सोडवून परळच्या गल्लीतल्या एका कारागिराकडे न्यायचा होता. बाईंनी तो टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतला आणि टॅक्सीत बसल्या. टॅक्सीवाल्याने विचारलं, "माताजी, क्या है?" बाई म्हणाल्या, "हार्ट. जल्दी चलो." त्याने दारूखाना ते परळ अशी टॅक्सी हाणली की आयुष्यात पहिल्यांदा मी टॅक्सीत देवाचं नाव घेतलं. कारागिराने पंप उघडून अडकलेली दांडी दाखवली. डिझेलची साय सुकून ती चिकटली होती. त्याने धुतली, बसवली. दुसऱ्या खेपेला इंजिन असं चाललं की बाई त्याला टेकून उभ्या राहिल्या, मांजराला टेकावं तशा. मी गिअर पुढे टाकला. मागे पंखा हवेत फिरला. मी खूश. "झालं, बाई. आता पाणी यायची वाट बघायची."

ते 'झालं' माझ्या पुढच्या सगळ्या फजितीचं मूळ.

पौर्णिमेची भरती भर दुपारी येते. यार्डात बोटी तोडणारे सकाळपासून गॅसच्या टाक्या घेऊन बसले होते. निखिल आदल्या रात्रीच्या विमानाने आला होता. मी त्याला व्हिलन समजत होतो, पण मुलगा चांगला निघाला. उंच, मवाळ, डोळ्यांवर गॉगल. मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, खरं सांगा, सेफ आहे ना? ती पडलीबिडली तर मी स्वतःला माफ करणार नाही." मी म्हणालो, "इंजिनाची गॅरंटी माझी." हे शब्दशः खरं ठरलं.

पाणी चढलं. ओंडक्यांवरून बोट अलगद उचलली गेली. लाइफ जॅकेट घालून बाई सुकाणूवर उभ्या होत्या. आधीचे काही रविवार भाऊच्या धक्क्यावरच्या एका ओळखीच्या लाँचवाल्याकडे त्या सुकाणू शिकल्या होत्या. मी खाली इंजिनापाशी. इंजिन लागलं, छान एका लयीत. इस्माईलभाईंनी दोर सोडला.

"पुढे!" बाई ओरडल्या. मी गिअर पुढे टाकला.

इंजिन गरगरलं. बोट जागेवर.

बाईंनी वरून आणखी जोर दिला. इंजिन केकाटलं. बोट जागेवर. मला जळल्याचा वास आला आणि त्याच क्षणी सगळं समजलं. गिअरच्या डब्यात पुढे जायच्या प्लेटी असतात, त्या एकमेकींना घट्ट धरतात म्हणून पंखा फिरतो. त्यांच्यावरचं अस्तर दहा वर्षांत कुजलं होतं. हवेत पंखा फिरवण्याइतकी पकड उरली होती, पाणी कापण्याइतकी नव्हती. मी अख्खं इंजिन सुईच्या टोकापर्यंत तपासलं होतं आणि शेजारचा गिअरचा डबा उघडून बघितला नव्हता. नवरदेवाला आंघोळ घालून, शेरवानी चढवून, हार घालून मांडवात आणावं आणि मग लक्षात यावं की भटजीला बोलावलंच नाही, तसं.

"पेडणेकर, काय झालं?"

"पुढचा गिअर गेला."

बाई वरून खाली वाकल्या. मग, "मागचा?"

मी दांडा मागे ओढला. मागे जायला वेगळा पट्टा असतो. तो ठणठणीत होता. बोटीने हिसका दिला आणि मागे सरकली.

"चालतोय!"

"मग चला," बाई म्हणाल्या.

"कुठे?"

"बाहेर! पाणी उतरायच्या आत!"

आणि 'वायुवेग' दारूखान्यातून उलटी निघाली. पार्श्वभाग पुढे, नाक मागे. काठावरून निखिल धावत होता. "आई! आई, उलटी चाललीये!"

"चाललीये ना?" बाईंनी तिथूनच ओरडून विचारलं.

गॅसच्या टाक्यांवर बसलेले तोडणारे उभे राहिले आणि त्यांतल्या एकाने शिट्टी मारली.

हसू येतं आता. तेव्हा माझी भीतीने गाळण उडाली होती. कारण एका पंख्याची बोट रिव्हर्समध्ये सुकाणूचं ऐकत नाही. पंखा तिला एकाच बाजूला ओढतो, आणि आमची डावीकडे ओढत होती. डावीकडे माल वाहायचा एक लोखंडी बार्ज नांगरून पडला होता, तीनमजली चाळीएवढा. आमचं लाकूड त्यावर आपटलं असतं तर काड्याच झाल्या असत्या. पट्टा पकड सोडू नये म्हणून मला खाली दांडा दोन्ही हातांनी ओढून धरावा लागत होता. मला दिसत होता फक्त आकाशाचा चौकोन आणि बाईंचे कॅनव्हासचे बूट.

"उजवीकडे घ्या! पूर्ण उजवीकडे!"

"घेतेय! ऐकत नाही!"

"जोर कमी करा! सोडा, मग झटका द्या!"

"बार्ज जवळ आला!"

"उजवीकडे!"

"पेडणेकर, गप्प बसा!" हा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. ऑपरेशन थिएटरमधला असावा. "मला दिसतंय, तुम्हाला नाही. दांडा धरा आणि सांगेन तेव्हाच सोडा!"

मी दांडा धरला. बाईंनी उजवीकडचा नाद सोडला. बोटीला डावीकडेच जायचंय तर जाऊ दे, असं म्हणून त्यांनी सुकाणू पूर्ण डावीकडे फिरवलं आणि जोर वाढवला. मला वाटलं, संपलं. पण बोट बार्जच्या अलीकडेच गर्रकन वळली, गिरकी घेऊन पुन्हा मोकळ्या पाण्याकडे तोंड, म्हणजे पाठ, करून उभी राहिली. बार्जचं गंजकं लोखंड त्या चौकोनातून सरकताना मला दिसलं. हात लांब केला असता तर लागलं असतं.

"सोडा," बाई म्हणाल्या. मी दांडा सोडला. माझे हात सुजले होते. वरून बाईंचं डोकं त्या चौकोनात आलं, केस विस्कटलेले, चष्मा नाकाच्या टोकावर.

"अशा गिरक्या घेत घेत गेलो तर भाऊच्या धक्क्यापर्यंत जाऊ?"

"बाई, अंतर तिप्पट होईल."

"डिझेल आहे?"

"आहे."

"मग धरा."

गिरक्या घेत, उलट्या, आम्ही भाऊच्या धक्क्यापर्यंत पोचलो. तिथले लाँचवाले कठड्यावर ओळीने उभे. एकाने हाक मारली, "ओ मॅडम, रिव्हर्स में काय को?" बाई म्हणाल्या, "मुंबई में पार्किंग मिलता नही, इसलिए पहले से डाल के रखा!" तो अख्खा कठडा टाळ्या वाजवायला लागला. मी खालून वर आलो तेव्हा त्यांनी मलाही टाळ्या दिल्या, आणि मी निर्लज्जपणे घेतल्या.

निखिल टॅक्सी करून आमच्या आधीच धक्क्यावर आला होता. आईला हात देऊन वर घेताना तो रडत होता आणि हसत होता. "आई, हे चीटिंग आहे."

"स्वतःच्या इंजिनावर म्हटलं होतं. कुठल्या दिशेला ते तू विचारलं नव्हतंस."

मग त्याने खिशातून फोन काढला आणि आईचा फोटो घेतला. "माटुंग्याच्या घराला लिफ्ट नाही," तो म्हणाला. "निदान लिफ्टवालं तरी घर बघूया." यावर बाई तयार झाल्या. दोघं पुढे चालायला लागली आणि माझ्या लक्षात आलं की कुणीच हरलेलं नाही. आमच्या धंद्यात असं क्वचित होतं.

नंतर गिअरचा डबा उघडला, नव्या प्लेटी घातल्या. तो खर्च मी घेतला नाही, बाईंनी बळेच दिला, ते भांडण वेगळं. मला रुखरुख आहे ती एवढीच की असली कामं करायला आता हात उरले नाहीत. वर्कशॉप बंद झालं, यार्ड उठलं. इस्माईलभाई मुंब्र्याला लेकीकडे असतात, तिथे खुर्ची फरशीवर असल्यामुळे त्यांना म्हणे चैन पडत नाही.

पावसाळा सरला आणि थंडीतल्या एका सकाळी बाईंनी मला आणि शुभांगीला बोटीवर बोलावलं. धक्का सोडला, बोट नाकासमोर चालायला लागली, आणि मी सवयीने खाली इंजिनापाशी जाऊन बसलो. थोड्या वेळाने वरून बाई म्हणाल्या, "पेडणेकर, वर या. झाकण लावा ते."

वर आलो, झाकण लावलं, त्याच्यावर बसलो. आणि बघतो तर समोर मुंबई. हसू नका. सगळा जन्म बोटींत गेला, पण तो खाली, दिव्याच्या उजेडात, पान्याच्या टोकाकडे बघण्यात. पाण्यावरून आपलं शहर कसं दिसतं ते मी कधी पाहिलंच नव्हतं. एकामागे एक टॉवर, त्यांच्या पायाशी गोदामं, आणि सगळ्यावर एक निळसर धूर.

"आमचं लालबाग कुठलं गं?" मी शुभांगीला विचारलं.

"ता काय," ती म्हणाली आणि हाताने अर्धी मुंबई दाखवली.

एवढ्यात इंजिनाचा आवाज बदलला. इतरांना कळणार नाही इतका, पण मला पोटात कळला. मागच्या नळीतून पाणी पडायचं कमी झालं होतं. मी उठायला लागलो.

"बसा," बाई म्हणाल्या. त्यांनी इंजिन बंद केलं, मला बाजूला सरकवून झाकण उघडलं, खाली उतरल्या, पाण्याची झडप फिरवली आणि जाळी सोडवून त्यातून प्लास्टिकच्या पिशवीची चिंधी ओढून काढली. सगळं बरोबर क्रमाने. माझे हात मांडीवर नुसते उघडझाप करत होते.

शुभांगीने थर्मासमधून चहा ओतला आणि कप माझ्या हातात दिला. "गप बसा. बाईंका येता ता."

बिघाड चालू असताना हातात चहाचा कप घेऊन बसण्याची ती माझी आयुष्यातली पहिलीच वेळ. चहा बरा होता.